उभं पीक मोडायचा अर्ज

कुंडाखेडीत भित्रा माणूस कसा असतो हे पाहुण्याला दाखवायचं असेल तर लोक नगजीराम धाकडाकडे बोट दाखवतात, आणि नगजीराम त्या बोटालाही दचकतो. तो उंटाला भितो, कारण उंट वरून बघतो. बँकेच्या खिडकीला भितो, कारण आतला माणूस वर बघतच नाही. लग्नात घोडीवर बसायला तो इतका भ्याला होता की मामाला मागे बसून त्याची कंबर धरावी लागली. सोसरबाईनं घुंगटाआडून वरात पाहिली आणि बहिणीला हळूच विचारलं, "दोघांतला माझा कोणता गं?" याला तीस वर्षं झाली. ती म्हणते, अजून नक्की उत्तर मिळालेलं नाही.

पण एक मान्य केलं पाहिजे. अफू हे भित्र्या माणसाचंच पीक आहे. शूर माणसं दोन-चार वर्षं मिशीला पीळ देतात, सरकारला घालायच्या मालातला थोडा मागे ठेवतात, आणि मग त्यांच्या बायका तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभ्या राहतात. नगजीराम थंडीला भ्याला म्हणून त्यानं बांधावर शेकोट्या पेटवल्या. पोपटांना भ्याला म्हणून वाफ्यांवर जाळी ताणली. नीलगायींना भ्याला म्हणून कुंपणाला सोसरबाईची जुनी लुगडी बांधली. सरकारला भ्याला म्हणून निघाला तेवढा सगळा चीक तोलाला नेऊन घातला. अफू पिकवायचा बापाचा सरकारी पट्टा त्याच्या नावावर आला आणि चाळीस वर्षांत एकदाही कापला गेला नाही. दहा आरीचा पट्टा, म्हणजे जमीन म्हणाल तर पाव एकर. पण आमच्याकडे सोयरीक जुळवताना आधी विचारतात, पट्टा आहे ना? मुलगा काय करतो हे नंतर, वेळ उरला तर.

आणखी एका गोष्टीला तो भितो, पण तिला अख्खा मुलूखच भितो. ती म्हणजे एकोणतीस. माल घेऊन कुणी सापडला की ठाण्यात त्याला विचारतात, अजून कोण? मग तो ज्याचं नाव घेईल तो एकोणतीस कलमाखाली आत. नाव खरंच घ्यावं असा काही नियम नाही. बांधावरून भांडण असलेल्याचं घेतलं तरी चालतं. म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसं शेळ्या मोजतानासुद्धा अठ्ठावीस म्हणतात, मग 'रामाची एक', आणि मग तीस.

अशा माणसाकडे दिवाळीनंतर लांबच्या नात्यातला लोकेश आला. पांढरी गाडी, कपाळावर टिळा, आणि उतरल्या उतरल्या पायाला हात.

"काका, तुमची वरची विहिरीची खोली रिकामीच आहे ना? फिनेल बनवायचंय. छोटा धंदा आहे. गावात बनवलं की वास येतो म्हणून शेजारी भांडतात."

"कागद करायचा का?" नगजीरामानं घाबरत विचारलं.

"घरातल्या घरात कागद, काका?"

नगजीरामाला हायसं वाटलं. कागदाला तो उंटाइतकाच भितो. भाडं ठरलं, खोलीची किल्ली गेली, आणि महिन्याभरात खोलीच्या खिडकीला मोठा पंखा लागला. तो दिवसभर घुरघुरायचा. दोन पोरं आत असायची, दार लावून.

अफूला फूल धरलं की आमच्याकडे नवराबायको राखणीला शेतातल्या टापरीत, खोपटातच, राहायला जातात. टापरीपासून ती खोली तीनशे पावलं वर, टेकाडाच्या अंगाला. सोसरबाई चुलीपाशी बसून नाक मुरडायची.

"फिनेलला एवढा पंखा कशाला?"

"वास जायला."

"मग हा येतो तो कसला?"

"राहिलेला असेल."

"पुष्पाच्या बापू, मी तीस वर्षं न्हाणी धुतेय. फिनेलचा वास असा नसतो."

नगजीराम वर बघायला गेला नाही. न बघितलेल्या गोष्टीची भीती निम्मी असते, असा त्याचा हिशोब.

माघ सरता सरता डोडे धरले. डोडे म्हणजे अफूची बोंडं. त्या साली ती लिंबाएवढी झाली होती. बापाच्या काळातही असं पीक आलं नव्हतं. आता मुखियानं दिवस ठरवायचा, कालिकेची पूजा करायची आणि डोड्यांना चीर लावायची की झालं. दुपारी चीर, सकाळी खरवड. नगजीराम त्या दिवसाकडे डोळे लावून होता, आणि अर्थातच भीत होता, की आता गारा येतील.

गारा आल्या नाहीत. एका सकाळी वरचे दोन वाफे पिवळे पडलेले दिसले.

पानं कडेनं जळल्यासारखी. पाटात चार बेडूक पोट वर करून तरंगत होते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय. नगजीराम पाटाच्या कडेकडेनं वर गेला. पाट संपला तिथे विहिरीच्या खोलीच्या मागच्या भिंतीतून एक निळा पाइप बाहेर आला होता आणि थेंब थेंब गळत होता. पंखा बंद होता. गाडी नव्हती. पोरंही नव्हती. दाराला कुलूप होतं, पण कडीत न बसता नुसतंच लटकत होतं.

आपल्याच खोलीत शिरायला तो पाच मिनिटं बाहेर उभा राहिला. दोनदा खोकला. मग मोटारीचा स्टार्टर बघायचाय असं स्वतःलाच मोठ्यानं सांगून आत गेला.

आत फिनेलची एकही बाटली नव्हती. निळी पिंपं होती, काचेची मोठी भांडी होती, नळ्या होत्या, आणि बापानं बांधलेल्या कट्ट्यावर सात-आठ ताटांत पांढरी पूड वाळत घातलेली होती. सोसरबाई कुरडया घालते तशी, वर फडकं टाकून.

इथे नगजीरामानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस करणार नाही. आमच्याकडे मूल नीट बोलायला लागायच्या आधी चीक ओळखायला शिकतं. बोटावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा, जिभेच्या शेंड्याला लावायचा. खरा की भेसळीचा हे जीभ सांगते. नगजीरामाच्या डोक्यानं काही ठरवायच्या आधीच त्याच्या बोटानं ताटातून चिमूटभर उचललं होतं, चोळलं होतं, आणि ते जिभेवर गेलं होतं.

कडू. मग जीभ बधिर. साखर नव्हे, तुरटी नव्हे, अफू तर नव्हेच.

आणि मग त्याला आठवलं. गेल्या वर्षी सगळ्यांच्या मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. नदीपलीकडच्या कुठल्याशा गावात कोंबड्यांच्या शेडमध्ये धाड पडली होती. अशीच पिंपं, अशीच ताटं. शहरातली पोरं नाकानं ओढतात ती पूड म्हणे, अफूपेक्षा शंभरपट वाईट. मधोमध जमिनीवर तोंडाला पंचा गुंडाळून एक म्हातारा बसला होता. त्यानं काही बनवलं नव्हतं. शेड त्याची होती. तो अजून आत आहे.

नगजीराम धावत सुटला. टापरीपर्यंत पोचला तेव्हा काळीज छातीत मावत नव्हतं, आणि ते काही केल्या जागेवरही येईना. उलट तोंड सुटलं.

आयुष्यात चार वाक्यं सलग न बोललेला माणूस त्या सकाळी बोलायला लागला तो थांबेचना. बाटीच्या पिठात मोहन किती घालावं इथून त्यानं सुरुवात केली. मोठ्या भावानं लहानपणी त्याला विहिरीत ढकललं होतं ते सांगितलं. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी तुला भीत होतो, तू झोपेत दात खायचीस, हेही सांगितलं. डोळे मोठे, कपाळावर घाम, हात एका जागी राहत नव्हते. सोसरबाई लसूण सोलत होती, तिनं सुरी खाली ठेवली.

"काय खाल्लंत?"

"काही नाही. चिमूटभर. जिभेला. तुझी कुरडई असते ना तशी वाळत घातलीय. सात ताटं. आठ असतील. मी मोजली नाहीत. मोजू का जाऊन?"

मग त्यानं सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा सोसरबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण बांधावरून उदेराम मुखिया येत होता.

उदेराम हा गावातल्या पट्टेवाल्यांचा मुखिया. सरकारचा निरोप तोच आणतो, आमचं गाऱ्हाणं तोच नेतो, आणि दोन्हींतलं थोडं थोडं पोटात ठेवतो. नात्यानं तो सोसरबाईचा जेठ, म्हणजे थोरला दीर लागतो, त्यामुळे तिनं चटकन पदर ओढला. जेठासमोर बोलायचं नाही. नवऱ्याला गप्प बस म्हणून सांगायचीही सोय राहिली नाही.

"काय नगजी! राम राम! सोमवारी पूजा, आणि त्याच दुपारी चीर. ऐकलंस का?"

"दासाब, बरं झालं आलात! मी आताच म्हणत होतो, वरच्या अंगाला..."

पदराआडून एक हात आला आणि त्यानं मक्याच्या रोटीचा घास नगजीरामाच्या तोंडात कोंबला. नगजीरामानं तो गिळला.

"वरच्या अंगाला बघा ना..."

दुसरा घास. लसणाच्या चटणीसकट. डोळ्यांतून पाणी.

"पिंपं..."

तिसरा.

मुखिया हे बघत उभा राहिला. "आज जेवण बरंच जातंय," तो म्हणाला. "आणि बहू भरवतेय म्हणजे प्रकृती ठीक नाही वाटतं."

नगजीरामानं जोरजोरानं मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, हे त्याचं त्यालाही कळलं नसेल. मुखियानं पिवळ्या वाफ्यांकडे पाहिलं, मग वर टेकाडाकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि निघून गेला. तोवर साडेतीन रोट्या नगजीरामाच्या पोटात गेल्या होत्या.

डोळ्याला डोळा न लागता रात्र गेली. सकाळी पूड उतरली आणि भीती तेवढी उरली. आणि नवाच्या सुमारास लोकेश आला. हातात मिठाईचा डबा.

"काकी, कलाकंद आणलाय. काका, तुमच्याकडे कुत्रं आहे का?"

"नाही."

"नाही? मग कुणाचं तरी असेल. काल पोरं चहाला गेली तर खोलीत शिरलं. एका ताटात बोट उमटलंय." तो हसला. "म्हणजे पंजा. फिनेलची पूड विषारी असते काका. कुत्रं मेलं तर पाप आम्हाला लागायचं."

नगजीरामाच्या उजव्या हाताचं बोट आपोआप मुठीत गेलं.

"पुष्पाताई बऱ्या आहेत ना?" लोकेशनं विचारलं. "परवा त्यांच्या सासरच्या गावावरून गेलो. त्यांचा मुलगा पिवळ्या व्हॅननं शाळेत जातो, नाही का? गोड पोर आहे. पुढच्या सीटवर बसू देऊ नका म्हणावं, रस्ता वाईट आहे."

पुन्हा पायाला हात लावून तो गेला. कलाकंदाचा डबा चुलीपाशी तसाच पडून राहिला. मुंग्यांनी तो दुपारपर्यंत खाल्ला. सोसरबाई मुंग्यांकडे टक लावून बघत होती, मरतायत का म्हणून.

"ठाण्यात जा," ती शेवटी म्हणाली.

"लोकेशकडे मोटरसायकलवर दोघं येतात, बघितलेस ना? एकाच्या पायात तपकिरी बूट असतात, पोलिसांचे असतात तसले. ठाण्यातलेच असतील की नसतील, कोणाला विचारू? मी सकाळी ठाण्यात गेलो आणि दुपारी याला कळलं, तर?"

"मग गप्प बसा."

"गप्प बसलो आणि धाड पडली, तर पंचा गुंडाळून मीच बसणार. पट्टे वाटताना साहेब दरवर्षी माईकवर सांगतात. आपल्या जमिनीवर काही दिसलं आणि कळवलं नाही, तर जमीनवालाही त्याच दोरीत."

"मग त्याला खोली खाली करायला सांगा."

नगजीरामानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं तो विषयच सोडला.

आणखी एक भीती होती, ती त्यानं बायकोलाही सांगितली नाही. कळवणाऱ्याला आमच्याकडे मुखबिर म्हणतात. चोर तुरुंगातून सुटून आला तर त्याला पानसुपारी मिळते. मुखबिराच्या घरी मुलगी कुणी देत नाही, आणि त्याची मुलगी सासरी असेल तर तिच्या ताटात रोज टोमणा वाढला जातो. म्हणजे सांगितलं तर लोकेश आणि गाव, नाही सांगितलं तर सरकार. भित्र्या माणसाला निदान एका बाजूला पळायला वाट असते. नगजीरामाच्या तिन्ही बाजू बंद झाल्या होत्या.

दोन दिवस तो वाफ्यांतून नुसता फिरला. पिवळेपणा वरच्या दोन वाफ्यांतून तिसऱ्याच्या कडेला आला होता. बाकी पीक असं उभं होतं की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. शनिवारी सकाळी तो एका डोड्यावर बोट फिरवत उभा होता, आणि तिथेच त्याला सुचलं. शूर माणसाला हे सुचलं नसतं.

गार पडली, रोग आला, पीक वाया गेलं, तर पट्टेवाल्याला चीर लावायच्या आधी अर्ज करता येतो, की माझं पीक मोडून टाका. मग अफूखात्याचे साहेब स्वतः येतात, पंच बसवतात, मोजमाप करतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टर उभ्या पिकावरून फिरतो. पीक जातं, पट्टा वाचतो. चीर लागली की मग अर्ज चालत नाही. सोमवारी चीर होती.

म्हणजे साहेबांना त्यानं बोलवायचंच नाही. पीक बोलावेल. आणि अर्जात कारण लिहावंच लागतं.

"सगळं?" सोसरबाई म्हणाली. "दहाच्या दहा आरी?"

"दोन वाफ्यांचा अर्ज नसतो."

"असं पीक पुन्हा येणार नाही."

"माहीत आहे."

ती उठून वाफ्यांत गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात नातवाच्या जुन्या वहीतलं मागचं कोरं पान आणि पेन्सिलीचा तुकडा होता. "नीट अक्षरात लिहा," ती म्हणाली. "तुमचं अक्षर पण भितं."

मुखियाच्या ओसरीवर उदेरामानं तो कागद हातात घेतला, नगजीरामाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

"वेड लागलं का रे? लिंबाएवढे डोडे आहेत तुझे! जळफळाटानं मला झोप येत नाही, आणि तू मोडायला निघालास?"

"खालून वाळतंय, दासाब."

"दोन वाफे वाळलेत." मग मुखियाची नजर कारणाच्या ओळीवर गेली. तिथे नगजीरामानं लिहिलं होतं: विहिरीच्या खोलीतून पाइपानं येणाऱ्या औषधी पाण्यानं पीक जळाले आहे, बेडूकही मेले आहेत, खोली भाड्यानं दिली आहे, आत काय करतात ते साहेबांनी बघावे.

मुखियानं आधी ओसरीबाहेर दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

"रोग पडला, एवढंच लिही ना," मुखिया हळू आवाजात म्हणाला. "शेवटची ओळ खोडून टाक. तुझंही बरं, माझंही बरं."

नगजीराम ओसरीवरून एक पायरी खाली उतरला. तो म्हणाला, "असू दे, दासाब. लिहिलंय तर असू दे."

"मी वाचलेलं नाही हां. माझा चष्मा घरात राहिलाय." चष्मा त्याच्या नाकावर होता. "मी फक्त अर्ज पुढे पाठवतो, एवढंच माझं काम. तारीख घाल. नाही, आजचीच घाल, स्पष्ट. आणि एक नक्कल तुझ्याकडे ठेव, मूर्खा."

सोमवारी गावभर पूजा झाली. वाफ्यावाफ्यात नारळ फुटले, डोड्यांना लाल धागा बांधला, दुपारी चिरा लागल्या. नगजीरामाच्या शेतात कुणी फिरकलं नाही. संध्याकाळच्या आधी लोकेश आला. या वेळी पायाला हात नव्हता.

"चीर नाही लावली, काका?"

"रोग पडलाय. मोडायला अर्ज दिलाय."

"म्हणजे साहेब येणार?"

"येतील."

"कधी?"

"त्यांच्या मनात येईल तेव्हा."

नगजीरामाच्या मनात एक लहानशी आशा होती, ती मी लपवून ठेवणार नाही. हे ऐकून लोकेश गाठोडं बांधून पळून जाईल, खोली रिकामी सापडेल, आणि सगळे आपापल्या घरी जातील. पण लोकेश पळणाऱ्यातला नव्हता. माल अर्धा ओला होता की काय, देव जाणे. त्यानं नगजीरामाच्या खांद्यावर हात ठेवला. हात चांगला जड होता.

"पीक खाली आहे, खोली वर आहे. साहेबांना वर यायचं काही कारणच नाही. बरोबर ना? कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"फिनेल," नगजीराम म्हणाला.

"शाब्बास."

बुधवारी सकाळी जीप आली. अफूखात्याच्या मॅडम होत्या, सोबत दोन शिपाई आणि एक मोजणीवाला. मुखिया, दोन पंच, ट्रॅक्टर, आणि जीप दिसल्यावर जमतात ती दहा-पंधरा माणसं. रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली होती. तिच्यावरचा माणूस मोबाइल समोर धरून बसला होता. वर टेकाडावर खोलीचा पंखा घुरघुरत होता. दारात एक पोरगा उभा होता, तो आत गेला.

मॅडमनी वाफ्यांभोवती एक चक्कर मारली. कपाळावर आठी आली.

"नगजीराम कोण? हे पीक मोडायचं? कारण काय लिहिलंय?" त्यांनी कागद उलगडला आणि सगळ्यांसमोर वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, शाळेत हजेरी घेतात तशी. 'पाइपानं येणाऱ्या' इथे त्यांचा आवाज मंदावला. 'साहेबांनी बघावे' हे त्यांनी मनातच वाचलं. मग वर पाहिलं.

"कुठली खोली?"

आता त्यानं नुसतं 'चुकून लिहिलं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. किती शब्द आहेत त्यात? दोन. ते त्याच्या जिभेवर आलेही. सगळे त्याच्याकडे बघत होते, मोबाइलसुद्धा. त्याला पिवळी व्हॅन दिसत होती, आणि पंचा गुंडाळलेला म्हातारा दिसत होता, आणि दोघांपैकी कोणता जास्त भयंकर हे त्याला ठरवता येत नव्हतं. पण कागदावर त्याचं अक्षर होतं, मॅडमनी ते वाचलं होतं, आणि वाचलेलं परत न वाचलेलं होत नाही.

त्यानं हात वर केला आणि टेकाडाकडे दाखवलं.

"इथून कुणी हलायचं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि फोन कानाला लावत शिपायांसह वर निघाल्या.

पुढचं भराभर झालं. दोन्ही पोरं मागच्या भिंतीवरून उडी मारताना धरली गेली. एकाचा पाय मुरगळला, तो आई आई करून ओरडत होता. नगजीरामाला त्याचीही कीव आली, आणि कीव आली म्हणून भीती वाटली. तासाभरात जिल्ह्याहून तीन गाड्या आल्या. पिंपं बाहेर आली, ताटं बाहेर आली. लोकेश त्यात नव्हता. त्याची पांढरी गाडी पहाटेच गेली होती म्हणे. रस्त्यावरची मोटरसायकलही केव्हा निघून गेली, कुणाला कळलं नाही.

दुपार कलल्यावर मॅडम खाली आल्या. जबाब झाला होता. अर्जाची नक्कल, तारखेसह, पंचनाम्याला जोडली होती.

"तुमचं नशीब की हे आधी लिहिलंत," त्या म्हणाल्या. "आणखी एक. पीक मी पाहिलं. दोन वाफे गेलेत, तिसरा कडेनं. बाकी उत्तम आहे. आता ते पाणीही बंद झालं. अर्ज मागे घ्या, उद्या चीर लावा. मी तसं लिहून देते."

जमलेल्यांत एक कुजबूज फिरली. कुणीतरी म्हणालं, "वा! काकांचं दोन्हीकडून साधलं." म्हणणारा हसत होता, पण बाकीचे हसले नाहीत. ते नगजीरामाकडे बघत होते.

नगजीरामाला ते बघणं समजलं. पीक वाचलं, तर अर्ज खोटा होता. अर्ज खोटा होता, तर तो पिकासाठी नव्हता. मग तो कशासाठी होता, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. आज रात्रीच्या आत ते लोकेशपर्यंत पोचेल, आणि पुष्पाच्या सासरीही.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "रोग मुळात आहे. वरून दिसत नाही."

"मी वीस वर्षं पिकं बघतेय, काका."

"मी चाळीस वर्षं पिकवतोय. मोडा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी मोजणीवाल्याला खूण केली.

सोसरबाईनं वाफ्यांवरची जाळी सोडायला सुरुवात केली. एकेक गाठ सोडत ती पुढे जात होती, मुखियासमोर पदर पुढे ओढून, त्यामुळे तिचा चेहरा कुणाला दिसला नाही. तिच्या मागोमाग पोपटांचा थवा उतरला. नगजीरामानं सवयीनं हात उगारला आणि खाली घेतला.

ट्रॅक्टर सुरू झाला. पहिल्या फेरीतच डोडे फुटले आणि पांढरं दूध मातीत सांडलं. तो वास आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा, पण एवढा एकदम कुणी घेतलेला नव्हता. मुखियानं चष्मा काढून पुसला. बघायला आलेले एकेक करून निघून गेले. एकानं जाताना नगजीरामाच्या पाठीवर हात ठेवला, आणि नगजीराम दचकला.

शेवटच्या फेरीनंतर ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. कुंपणाच्या कोपऱ्यात वीस-पंचवीस झाडं उभी राहिली होती. नांगर तिथे वळत नव्हता.

"राहू द्या, काका," तो म्हणाला. "एवढ्यानं काय होतंय. खसखस होईल घरापुरती."

नगजीरामानं रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. कोण कुठून बघत असेल, सांगता येत नव्हतं.

"नको," तो म्हणाला, आणि स्वतःच वाकून ती झाडं उपटायला लागला.